फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात?

मिरजेतल्या एखाद्या रुग्णालयात, शाळेत किंवा बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या वर्षभराच्या पगारपावत्या शेजारी शेजारी मांडल्या तर एक गंमत दिसते. ‘पी.टी.’ म्हणजे व्यवसाय कर. त्याच्या रकान्यात अकरा महिने २०० रुपये असतात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षातला सर्वांत आखूड महिना, आणि कपात मात्र त्यातच जास्त. कर्मचारी कुरकुरतात, लिपिक ‘वरून असंच आहे’ म्हणतो आणि विषय संपतो.

हिशेब सोपा आहे. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून २,५०० होतात. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार हा कर एका माणसाकडून वर्षाला यापेक्षा जास्त घेता येत नाही. घटना लिहिली गेली तेव्हा ही मर्यादा २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. त्या काळी प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं मूळ वेतन १,४०० रुपयांपासून सुरू व्हायचं. तेव्हा अडीच हजार ही वजनदार रक्कम होती. पगार कुठल्या कुठे गेले, मर्यादा होती तिथेच राहिली.

सर्जन आणि वॉर्डबॉय

याहून मोठं कोडं त्याच रुग्णालयात आहे. महिना १५ हजार मिळवणारा वॉर्डबॉय वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरतो. रुग्णालयाचे मालक असलेले सर्जनही २,५०० भरतात. उद्या रुग्णालयाची कंपनी झाली तर तीही स्वतःच्या नावे २,५०० भरेल. वॉर्डबॉयच्या वार्षिक उत्पन्नाचा हा सुमारे १.४ टक्के भाग झाला. सर्जनचं उत्पन्न पाच कोटी धरलं तर त्यांच्यासाठी तो ०.००५ टक्के. (महिलांना २५ हजारांच्या पगारापर्यंत हा कर माफ आहे, म्हणून उदाहरणात सिस्टर न घेता वॉर्डबॉय घेतला.)

यावर कुणीही म्हणेल, ‘अहो, पण डॉक्टरसाहेब इन्कम टॅक्स भरतात की!’ भरतात, आणि भरपूर भरतात. नव्या करप्रणालीत २४ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ३० टक्के दर आहे. दोन कोटींच्या पुढे त्या करावर आणखी २५ टक्के अधिभार लागतो आणि त्यावर चार टक्के उपकर. म्हणजे शस्त्रक्रियांच्या फीमधून येणाऱ्या शेवटच्या शंभर रुपयांतले ३९ सरकारकडे जातात. रात्री दोनला उठून अपघाताची केस घेणाऱ्या माणसाने हे पैसे दिले आहेत. त्याला ‘श्रीमंत कर भरत नाहीत’ असं तोंडावर ऐकवणं अन्यायाचं ठरेल.

आता याच डॉक्टरांचे वर्गमित्र घ्या. काल्पनिकच. ते काम फारसं करत नाहीत, पण वडिलांनी घेऊन ठेवलेले शेअर त्यांच्या नावावर आहेत. ते शेअर त्यांनी पाच कोटींच्या नफ्याने विकले तर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा कर १२.५ टक्के. अधिभार इथे १५ टक्क्यांच्या वर जात नाही. सगळं धरून दर १४.९५ टक्के होतो. आणि त्यांनी शेअर विकलेच नाहीत, नुसते ठेवले आणि वर्षात त्यांची किंमत पाच कोटींनी वाढली, तर त्या वाढीवर कर शून्य.

घाम गाळून मिळवलेल्या पाच कोटींवर ३९ च्या आसपास, विकून मिळवलेल्यांवर १५ च्या आसपास आणि बसून वाढलेल्यांवर काहीच नाही. विषमतेची चर्चा बहुधा ‘दर किती असावा’ इथे अडकते. माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे, की कर मोजतो तरी काय?

पाट आणि शेततळं

मिरज पूर्व भागात, कवठेमहांकाळ-जत पट्ट्यात हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हैसाळ योजनेचं पाणी पाटातून येतं तेव्हा किती आलं ते मोजता येतं. पण गावात कुणाकडे किती पाणी आहे, हे पाटावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी शेततळी बघावी लागतात. एखाद्याचं तळं वीस वर्षांपासून भरत आलेलं असतं. त्यात आकाशातून पडलेलं पाणीही साठतं, आणि ते पाटाच्या मोजणीत कधीच येत नाही.

उत्पन्न म्हणजे पाट, संपत्ती म्हणजे तळं. आपला आयकर पाटावर बसलेला आहे. पगारदाराचं सगळं पाणी पाटातूनच येतं आणि बहुतेक त्याच महिन्यात संपतं, म्हणून त्याचा थेंब न थेंब मोजला जातो. खूप श्रीमंत माणसाची संपत्ती मात्र मुख्यतः भाववाढीने फुगते. त्याच्या कंपनीने लाभांश वाटायचा की नफा आतच ठेवायचा, हे ठरवणारा तोच असतो. घरखर्चाला पैसे लागले तर तो शेअर विकत नाही, ते तारण ठेवून कर्ज काढतो. कर्ज हे उत्पन्न नव्हे, त्यामुळे त्यावर कर नाही. शेवटी मालमत्ता मुलांकडे जाते. भारतात वारशाने काही मिळालं की त्या क्षणी कर लागत नाही. मुलांनी पुढे विकलं तर वडिलांची जुनी खरेदी किंमत धरून नफा काढतात, त्यामुळे कर कायमचा बुडत नाही हे खरं. पण त्यांनीही विकलं नाही तर तो आणखी एक पिढी पुढे सरकतो.

तळी एकूण किती असमान आहेत? पॅरिसच्या ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’ने मार्च २०२४ मध्ये भारताचा शंभर वर्षांचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के हिस्सा होता, आणि संपत्तीचा ४०.१ टक्के. खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे मिळून संपत्ती ६.४ टक्के. या आकड्यांवर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत, कारण श्रीमंत माणूस पाहणीवाल्याला घरात घेत नाही आणि मग धनाढ्यांच्या प्रसिद्ध याद्या वापरून अंदाज पुरा करावा लागतो. पण दोन आकड्यांतला फरक बघा. संपत्तीतली दरी उत्पन्नातल्या दरीपेक्षा कितीतरी रुंद आहे, आणि कर बसला आहे तो उत्पन्नावर.

सहा किलोमीटरची रेघ

तळ्यावर आपल्याकडे कुठलाच कर नाही, असंही नाही. घरपट्टी हा संपत्तीवरचाच कर आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका ती दरवर्षी घेते, आणि त्यात एक अन्याय लपलेला असतो. वीस वर्षांचं कर्ज काढून वन बीएचके घेतलेल्या कुटुंबाचा त्या घरात खरा वाटा कदाचित पाच लाखांचा असेल, बाकी घर बँकेचं. घरपट्टी मात्र पूर्ण घरावर लागते. म्हणजे मध्यमवर्ग संपत्ती कर आजही भरतो, तोही कर्ज वजा न करता. ज्याची संपत्ती डीमॅट खात्यात आहे त्याला असली पट्टी येत नाही.

जमिनीची तर वेगळीच तऱ्हा. आयकर कायद्यात एक रेघ आहे. शहराची लोकसंख्या एक लाखाच्या वर आणि दहा लाखांच्या आत असेल, तर पालिका हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरपलीकडची शेतजमीन कराच्या दृष्टीने ‘भांडवली मालमत्ता’ नसते. आपल्या महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास होती, म्हणून मिरजेभोवती ही सहा किलोमीटरची रेघ. तिच्या आत जमीन विकली तर नफ्यावर कर, बाहेर विकली तर नाही. पोटापुरती दोन एकर विकणाऱ्याला ही सवलत हवीच. पण रस्ता कुठून जाणार हे आधी कळलेल्या आणि चाळीस एकर घेऊन ठेवलेल्या माणसालाही तीच सवलत मिळते. सवलत देताना कायदा जमीन बघतो, माणूस बघत नाही.

देवराष्ट्र्याचा अर्थमंत्री

भारताने श्रीमंतांवर कर लावून पाहिलेले आहेत, आणि त्या गोष्टीत मराठी माणसं जागोजागी भेटतात. १९५३ साली वारसा कर आला तेव्हा अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. पुढे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्यावरून १९५७ मध्ये संपत्ती कर आला. पण सर्वांत नाट्यमय अंक घडला तो यशवंतराव चव्हाणांच्या काळात. त्यांचा जन्म आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथला.

१९७१ च्या अर्थसंकल्पात चव्हाणांनी आयकरावरचा अधिभार वाढवला. सर्वोच्च दर होता ८५ टक्के, त्यावर १५ टक्के अधिभार, झाले ९७.७५ टक्के. वर्षाला दोन लाखांच्या वर मिळणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात उरणार. त्याच सुमारास १५ लाखांच्या वरच्या संपत्तीवर कराचा दर आठ टक्क्यांवर गेला. कोटीभर मालमत्ता असलेल्याने त्यातून दहा टक्के उत्पन्न काढलं, तर दोन्ही करांची बेरीज त्या उत्पन्नाच्याही वर जायची.

कागदावर हे समाजवादाचं टोक होतं. प्रत्यक्षात श्रीमंतांनी उत्पन्न दाखवणंच सोडलं. दडवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांवर पावणेअठ्ठ्याण्णव वाचत असतील, तर लपवाछपवीसारखा दुसरा फायदेशीर धंदा कुठला? माजी सरन्यायाधीश कैलासनाथ वांच्छू यांच्या समितीने १९७१ च्या अखेरीस हेच सांगितलं: इतके चढे दर करचुकवेगिरीला खतपाणी घालतात. चव्हाणांनी ते ऐकलं आणि १९७४ मध्ये सर्वोच्च दर ७७ टक्क्यांवर आणला. ज्या मंत्र्याने दर चढवला त्यानेच तो उतरवावा, हे राजकारणात क्वचित दिसतं. चव्हाणांच्या या बाजूबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं जात नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

चौकट: करांचं येणं-जाणं
वारसा कर १९५३ मध्ये आला. पुढे २० लाखांच्या वरच्या वारशावर त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला. वर्षाला जेमतेम २० कोटी जमतात आणि वसुलीचा खर्च फार, असं सांगून विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ मध्ये तो बंद केला. संपत्ती कर १९५७ मध्ये आला. १९९३ पासून शेअर त्यातून वगळले गेले. उरले रिकामे भूखंड, जादा घरं, दागिने, गाड्या आणि रोकड. २०१३-१४ मध्ये देशभरातून जमले १,००८ कोटी. अरुण जेटली यांनी २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला आणि एक कोटीवर उत्पन्न असलेल्यांचा अधिभार दोन टक्क्यांनी वाढवला. म्हणजे तळ्यावरचा कर काढून पुन्हा पाटावरच लावला.

‘संपत्ती कर आपल्याकडे फसला’ असं सांगणारे १,००८ कोटींचा आकडा पुढे करतात. पण १९९३ ची ओळ ते वाचत नाहीत. बड्या उद्योगपतीच्या संपत्तीचा गाभा म्हणजे शेअर, आणि तेच वगळल्यावर कर उरला तो आईकडून आलेल्या पाटल्यांवर. मग पैसे जमणार कुठून? चढ्या दरांमुळे एक प्रयोग बुडाला आणि सवलतींमुळे दुसरा. दोन वेगळी दुखणी, आणि औषध मात्र दोन्हींना एकच दिलं गेलं: कर रद्द करा.

तासगावातून निघालेला कर

याच काळातला तिसरा प्रयोग मात्र टिकला. त्याचं मूळ मिरजेच्या शेजारच्या तालुक्यात आहे, आणि त्याची कपात आजही पगारपावतीवर दिसते.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ग्रामीण भागात ‘मागेल त्याला काम’ देण्याची कल्पना मांडली आणि तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात ती करून पाहिली गेली. १९७२ च्या मे महिन्यात रोजगार हमी योजना राज्यभर आली आणि लगेच मोठ्या दुष्काळाने गाठलं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव बांधत होती. दुष्काळ सरल्यावर प्रश्न आला की कामाचा हक्क कायमचा द्यायचा तर पैसा कुठून आणायचा?

महाराष्ट्राने उत्तर दिलं ते असं: ज्यांना पक्का रोजगार आहे त्यांच्याकडून. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला तो यासाठी. जोडीला बागायत जमिनीवर जादा आकारणी, विक्रीकर आणि वाहन करावर अधिभार, शहरांतल्या बिगरनिवासी इमारतींवर उपकर. दुकानाच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘रोजगार हमी’ असा रकाना येतो, तो हाच. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असंही ठरलं. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्यामागे त्याचा अनुभव होता.

या कराची घडण मला मोलाची वाटते. दर छोटा होता, म्हणून चुकवायची कुणी तसदी घेतली नाही. पगारातूनच कापला जाई, म्हणून वसुली सोपी. पैसा कुठे जाणार हे कायद्यातच लिहिलेलं. पण त्याचं वैगुण्यही पहिल्यापासून तेच होतं, की तोही पाटावरच बसलेला होता. घटनेतल्या मर्यादेमुळे तो चढता होऊ शकला नाही, आणि हळूहळू सर्जन आणि वॉर्डबॉय एका ओळीत आले. पुढे बराच काळ या कामासाठी जमणारा पैसा खर्चापेक्षा जास्त असे आणि तो इतरत्र वळे. पावतीवरची कपात तेवढी राहिली.

आज लावायचा तर

नितीनकुमार भारती, लुकास शान्सेल, तोमा पिकेती आणि अनमोल सोमंची या संशोधकांनी मे २०२४ मध्ये भारतासाठी एक प्रस्ताव मांडला. दहा कोटींच्या वरच्या निव्वळ संपत्तीवर वर्षाला दोन टक्के कर आणि तेवढ्याच मोठ्या वारशावर ३३ टक्के. त्यांच्या हिशेबाने ९९.९६ टक्के प्रौढांना यातला एक रुपयाही भरावा लागणार नाही आणि तरी देशाच्या जीडीपीच्या २.७३ टक्के एवढा महसूल मिळेल. ‘निव्वळ’ म्हणजे कर्ज वजा जाता. कर दहा कोटींच्या वरच्या भागावरच धरला, तर अकरा कोटींच्या मालकाला वर्षाला दोन लाख येतील. वर्गमित्रांची संपत्ती वीस कोटी असेल तर वीस लाख. त्यांचे शेअर वर्षाला दहा टक्क्यांनी वाढत असतील तर हा कर भरूनही तळं वाढतच राहील.

आक्षेप अनेक आहेत आणि सगळे पोकळ नाहीत. ‘किंमत कोण ठरवणार?’ हा १९५७ मध्ये खरा प्रश्न होता. आज बाजारात सूचीबद्ध शेअरची किंमत रोज संध्याकाळी जाहीर होते आणि ते शेअर पॅनला जोडलेल्या डीमॅट खात्यात असतात. जमिनीचं म्हणाल तर मुद्रांक शुल्कासाठी रेडी रेकनर आहेच. मिरजेतला प्लॉट विकताना त्याची किंमत सरकारला ठरवता येते, मग विकला नाही तेव्हा ठरवता येत नाही, हे काही पटत नाही. अवघड आहे ते खासगी कौटुंबिक कंपन्यांचं आणि सोन्याचं. तिथे गळती होईल, हे धरूनच चालायला हवं.

‘पैसेवाले देश सोडून जातील’ यात तथ्य आहे, आणि म्हणूनच २०२४ मध्ये ब्राझीलच्या अध्यक्षतेखाली जी-२० मध्ये अब्जाधीशांवरच्या समान किमान कराची चर्चा झाली. तरीही नॉर्वे, स्पेन, स्वित्झर्लंडमध्ये संपत्ती कर आहे. जपानमध्ये वारसा कराचा वरचा दर ५५ टक्के आहे आणि ब्रिटनमध्ये ४०. तिथले सगळे धनिक काही निघून गेलेले नाहीत.

आपल्या भागात सर्वांत टोचणारा प्रश्न बागायतदाराचा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. चव्हाण अर्थमंत्री असताना के. एन. राज समितीने १९७२ मध्ये मोठ्या शेतजमिनींवर उत्पादनक्षमतेप्रमाणे कर सुचवला होता, पण शेतीवरचा कर हा राज्यांचा विषय, आणि कुठल्याच राज्याने ते अंगावर घेतलं नाही. तीन एकर द्राक्षबागेवर कर लावावा असं कुणीही म्हणणार नाही. एका गारपिटीत तिचा हिशेब संपतो. पण दहा कोटींच्या मर्यादेत शेती धरायचीच नाही असं ठरलं, तर शेअर विकून शेतजमीन घेणारे पहिल्याच वर्षी दिसतील. १९९३ ची चूक वेगळ्या दाराने परत येईल.

२०२४ च्या निवडणुकीत वारसा कराचा नुसता उल्लेख झाला तर केवढा गदारोळ उठला होता. टीव्हीवर चर्चा चालली होती ती बायकांच्या दागिन्यांची, आणि ज्यांचं एकुलतं घर चाळीस लाखांचंही नाही ती माणसं आपली मालमत्ता जाणार म्हणून धास्तावली. नुसता आकडा सांगून ही भीती जाणार नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीचं काम आधी आलं, १९७२ मध्ये. कर आला तीन वर्षांनी. लोकांनी रस्ते आणि पाझर तलाव पाहिले होते, दुष्काळात हातात पडलेली मजुरी पाहिली होती. संपत्ती कराचा कायदा कधी लिहिला गेलाच, तर दराच्या कलमाआधी त्यात खर्चाचं कलम यायला हवं: जिल्हा रुग्णालयांतल्या रिकाम्या जागा, की सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या खाटा, की आणखी काही. मिरजेच्या सिव्हिलमध्ये कर्नाटकातूनही रुग्ण येतात, त्यामुळे इथे तरी त्या कलमाची चर्चा दोन राज्यांत होईल.